धर्माबादची बाई

नांदेडच्या एका लॅबसाठी मी एक बाई तयार केली होती. बाई म्हणजे नुसता आवाज. रक्ताचा, लघवीचा, थायरॉइडचा, कसलाही रिपोर्ट तयार झाला की ती पेशंटच्या व्हॉट्सअॅपवर जायची आणि साध्या मराठीत सांगायची की साखर वाढली आहे, रक्त कमी आहे, हे डॉक्टरांना दाखवा. ते खरंच लई भारी झालं होतं. पुढं जे झालं त्यानंतर सुद्धा ते भारीच होतं, हे मी आधीच सांगून टाकते, नाहीतर नंतर कुणी म्हणायचं की हिला आता पटलं.

मी लातूरची. बी.कॉम. केलं, टॅली केलं, नंतर घरी बसून व्हिडिओ बघत बघत हे शिकले. कोडिंगची एक ओळ येत नाही मला. पण ह्याला लागतच नाही ना! स्क्रीनवर चौकोन असतात. ह्या चौकोनातून त्या चौकोनात तार ओढायची, झालं. पहिला चौकोन झोपलेला असतो, फोल्डरमधे रिपोर्ट पडला की उठतो. दुसरा तो रिपोर्ट वाचतो. तिसऱ्यात एआय बसलेला, त्याला मी लिहून ठेवलेलं, की खेड्यातल्या माणसाला कळेल असं चार ओळीत सांग, घाबरवू नको. चौथा त्याचा आवाज करतो, पाचवा पाठवतो. प्रत्येक चौकोनावर हिरवी टिक येत जाते टक टक टक, आणि ते बघताना मला पोटात कसंतरी व्हायचं, झोका वर गेल्यावर होतं ना, तसं.

लॅबच्या सरांना मी नांदेडला जाऊन भेटले होते. काउंटरवर फोनच फोन. "आला का रिपोर्ट?" "नॉर्मल हाय का ओ?" "पोरगं शाळंला गेलंय, वाचून दाखवा की तुम्हीच." दिवसभर हेच. मी काउंटरच्या मागं स्टूल टाकून बसले आणि सगळ्यांना विचारलं, तुम्ही सकाळपासून काय काय करता, बारीकसारीक सगळं सांगा. त्यांनी सांगितलं. मी ते सगळं चौकोनात घातलं.

आवाज निवडायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. बरेच आवाज होते, पण एक पुण्यातल्या मॅडमसारखा, एक बातम्यांसारखा. शेवटी एक सापडला, लग्न होऊन गेलेल्या मोठ्या बहिणीसारखा. गोड, पण लाडीक नाही. तोच लावला.

आता आत्या. माझी एकुलती एक आत्या, पप्पांची मोठी बहीण, कंधारला असते. तिचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. मुलाचं, म्हणजे माझ्या दादाचं, बसस्टँडजवळ मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. आत्या बोलायला लागली की समोरच्यानं फक्त हसायचं. बाई सुरू झाल्यावर मी तिला ऐकवली तर म्हणाली, "लई गोड बोलती गं ही! पगार किती देतेत हिला?"

"पगार नाही आत्या. ती माणूस नाही."

"म्हंजे फुकट राबती? मंग बाईच हाय की."

तिला तो आवाज इतका आवडला की गल्लीतल्या कुणाची साखर तपासायची असली की ती सांगायची, माझ्या भाचीच्या लॅबमधे जा. लॅब माझी नव्हती, पण तिच्यापुढं कोण बोलणार.

येळवसेला, म्हणजे वेळ अमावस्येला, आम्ही सगळे त्यांच्या शेतात जेवायला गेलो तेव्हा ती अंबिलीचं मडकं डाव्या हातानं उचलेना. वहिनीनं, म्हणजे दादाच्या बायकोनं, लई मागं लागून विचारलं तेव्हा कळलं की छातीत गाठ आहे, आणि कधीची आहे ते तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. नांदेडच्या सर्जननं तुकडा काढून तपासायला दिला. कुठल्या लॅबमधे? आत्याच म्हणाली, "भाचीच्या." ज्या फोनवर रिपोर्ट यायचा त्यावरनं काउंटरवरचा कोड स्कॅन करायचा असतो, तो तिनं स्वतःच्या फोनवरनं केला. दादा तेव्हा गाडी लावायला गेला होता. आत्यानं स्कॅन करून मला लगेच व्हॉइस मेसेज टाकला, "केलं बग म्या! कुनाला इचारलं न्हाई!"

रिपोर्ट आला ती दुपार मला अशी आठवते की पप्पा जेवायला बसले होते आणि ताट तसंच ठेवून फोन कानाला लावून उभे होते. सर्जननं दादाला दुकानात फोन केला होता, दादानं पप्पांना. पप्पा एवढंच म्हणायले होते, "तिला सांगू नको. काही झालं तरी सांगू नको. गाठ हाय, काढायची हाय, एवढंच म्हन. तिच्या जावंचं बघितलंय तिनं. कळालं तर ती दवाखान्याची पायरी चढायची न्हाई."

जावंचं म्हणजे, आत्याच्या जावेला हेच दुखणं झालं होतं. आत्यानंच तिचं सगळं केलं, शेवटपर्यंत. तेव्हापासून आत्या म्हणायची, मला असलं काही झालं तर मला हलवू नका, खाटेवर मरू द्या.

पप्पा अजून फोनवरच होते आणि कंधारात आत्याचा फोन वाजून गेला होता.

हे मला वहिनीनं नंतर सांगितलं. आत्या अंगणात दोन शेजारणींसोबत तूर पाखडायली होती. मेसेज आला तसा तिनं सूप खाली ठेवलं, फोनचा आवाज मोठा केला आणि म्हणाली, "थांबा, माझ्या भाचीची बाई बोलायली." आणि बाई बोलली. तिच्या त्या गोड आवाजात, अजिबात न घाबरवता. तपासणीत कर्करोगाच्या पेशी आढळल्या आहेत, घाबरू नका, यावर उपचार आहेत, आपल्या डॉक्टरांना लवकर भेटा. वहिनी म्हणाली, "शेजारनी उटून गेल्या. आत्याबाईनं रायलेली तूर पाखडली, डब्यात भरली, मंग आत जाऊन आडव्या झाल्या."

संध्याकाळी ती दादाला एकच वाक्य बोलली. "मला कुटं नेऊ नका."

खाणं बंद. सर्जनकडं जायचं नाव काढलं की तोंड भिंतीकडं.

मी लॅबच्या काउंटरवरच्या ताईंना फोन केला, असं कसं झालं म्हणून. त्या म्हणाल्या, "आगं, असला रिपोर्ट असला की आम्ही आधी इचारतो ना, सोबत कोन आलंय. मंग त्याच्याच हातात देतो." मी म्हणाले, मग तुम्ही मला सांगितलं का नाही? त्यांना प्रश्नच कळेना. "त्यात काय सांगायचं?"

त्यांचं काही चुकलं नव्हतं. ते मला तरी कुठं नवीन होतं? मी लहानपणापासून प्रत्येक दवाखान्यात बघितलं आहे. "मावशी, तुम्ही जरा भाईर बसा," असं डॉक्टर म्हणतात, मावशी बाहेर येऊन बसतात, दार लागतं, आणि आत तिच्या शरीराबद्दल तिचा मुलगा आणि डॉक्टर बोलतात. बाहेर आलेला मुलगा म्हणतो, काही न्हाई, गोळ्या दिल्यात. ते काम नाहीच कुणाच्या मते. त्याला चौकोन कोण काढणार?

पप्पा माझ्या खोलीत आले. मी लॅपटॉप उघडून बसले होते, काही न करता.

"कंधारला जायचंय तुला," ते म्हणाले. "तिला सांग, तुझ्या त्या मशीनचं चुकलं. दुसऱ्याच कुनाचा रिपोर्ट तिला आला."

"पप्पा, ते चुकलं नाही."

"मला म्हाईत हाय चुकलं न्हाई. म्हनून तर तुला सांगायलो. दादानं सांगिटलं तर पटायचं न्हाई तिला, मी सांगिटलं तर पटायचं न्हाई. तू केलंयस ते. तू म्हनलीस चुकलं, तर चुकलं."

मी लई भांडले. मी म्हणाले, तिचं शरीर आहे, तिला कळलं तर कळलं, आता समोर बसून नीट समजावून सांगू, आता पहिल्यासारखं नाही, लोक बरे होतात. पप्पा ऐकत राहिले. मग म्हणाले, "समजावून सांगून ती जेवली न्हाई तर? तुझं खरं घेऊन काय करू मी?"

मी लॅपटॉप मिटला आणि बॅग भरली. लातूरवरनं लोह्यापर्यंत एक गाडी, लोह्यावरनं कंधारची. गाडीत बसून मी बाईचं एक काम नीट करायली होते. धर्माबादच्या एका पेशंटनं तक्रार केली होती की मराठी धड कळत नाही, तेलुगूत सांगा. मी फोनवरच तेलुगूचा चौकोन जोडला. टक टक टक, हिरवं. पहिल्यांदा पोटात काही झालं नाही.

आत्या खाटेवर होती. सगळे जमले होते, दादा, वहिनी, पप्पा माझ्यासोबतच आलेले. मी तिच्या पायाशी बसले. तिनं माझ्याकडं बघितलं आणि मी बोलायच्या आधीच तिनं विचारलं, "तुजी बाई खरं बोलती ना गं?"

"नाही आत्या," मी म्हणाले. "चुकलं तिचं. नवीन आहे ना. शिकायली अजून. दुसऱ्याचा रिपोर्ट तुला आला."

"म्या म्हनलो नव्हतो का!" दादा एवढ्या जोरात ओरडला की वहिनी दचकली. "मशीन हाय ते! मोटार जळती, तर ते चुकत नसंल का?"

पप्पांनी नुसता श्वास सोडला. वहिनी डोळे पुसत चहा टाकायला आत गेली. आत्या मात्र माझ्याकडंच बघत होती.

"मंग तो रिपोर्ट कुनाचा हाय?"

हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"आहे एक बाई," मी म्हणाले. आणि गाडीतलं तोंडात आलं. "धर्माबादची."

"तिला काय सांगिटलं मंग? काई न्हाई म्हनून सांगिटलं? माझा रिपोर्ट तिला गेला का?"

"नाही, नाही. तिला बरोबर सांगितलं. नंतर."

"कोन व्हतं तिच्यासंगं?"

"मुलगा होता."

"बरं झालं," आत्या म्हणाली. मग उठून बसली, पदर नीट केला आणि वहिनीला हाक मारली, "चहासंगं काईतरी आन गं. भूक लागली."

दादानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. मला तो हात झटकावा वाटला आणि मी झटकला नाही.

गाठ काढायची म्हणून तिला लातूरला आणलं. ऑपरेशन झालं, ती आमच्याच घरी राहिली. मग गाठ परत होऊ नये म्हणून सलाईन लावायचे आहेत असं तिला सांगितलं. ती हो म्हणाली. सगळ्याला हो म्हणाली. केस गळायला लागले तेव्हा पप्पा म्हणाले, उष्णता हाय औषधाची. ती म्हणाली, आसंल. मला तिनं काहीच विचारलं नाही. माझ्याशी ती बोलायची, जेवलीस का, लग्नाचं बघायलेत का, तुज्या आईनं भाजीत मीठ टाकलं न्हाई. पण आजाराचं एक अक्षर नाही.

तिकडं सरांनी लॅबमधे सगळं बदलायला लावलं. म्हणजे मीच बदललं. आता स्कॅन केल्यावर पहिला प्रश्न येतो, रिपोर्ट कोणाला पाठवायचा? आणि लोक नंबर टाकतात. मी एक दिवस बसून बघितलं. पुरुषांचे रिपोर्ट पुरुषांच्याच नंबरवर जातात. बायकांचे नवऱ्याच्या, मुलाच्या, भावाच्या. बाई अजून तितक्याच गोड आवाजात सांगते, पण आता दुसऱ्याच कुणाला. सर म्हणाले, एकदम परफेक्ट झालं बघ आता. पैसे पण वाढवून दिले. आता माझी बाई आपल्यासारखंच वागते. मला ते बघवत नाही, म्हणून मी ते पान उघडत नाही.

पण एक तार मी तशीच राहू दिली होती. कुणी बाईला उलट प्रश्न विचारला आणि तिला उत्तर आलं नाही, तर तो प्रश्न माझ्या फोनवर येतो. मी टाइप करून उत्तर दिलं की ते बाईच्या आवाजात जातं. टायपिंग माझं लई फास्ट आहे, लोकांना कळत पण नाही की मधे माणूस आहे.

दुसरं सलाईन झालं त्याच्यानंतरची दुपार. आत्या आतल्या खोलीत पडली होती. मी हॉलमधे काम करायली होते. पंखा बंद होता, लाइट गेली होती, म्हणून तिचं हळू बोलणं सुद्धा बाहेर ऐकू येत होतं. मला वाटलं दादाशी फोनवर बोलायली. तेवढ्यात माझा फोन थरथरला. लॅबच्या नंबरवर आलेला प्रश्न. मी कानाला लावला. तोच आवाज, जो आत्ता दारातून आला होता.

"बाई, ती धर्माबादची कशी हाय गं? तिला बी सलाईन लावलेत का?"

मी उठून तिच्या खोलीत जायला पाहिजे होतं. मी टाइप केलं, "हो. तिला पण लावलेत."

आतून बाईचा आवाज आला. थोडं थांबून माझ्या फोनवर पुन्हा.

"तिचे बी केस गेलेत का?"

"हो. औषध संपलं की परत येतात."

"मळमळतंय का तिला? तोंडाला चव न्हाई म्हनती का?"

"हो. पहिले काही दिवस जास्त होतं. मग कमी होतं. लिंबू चोखलं की बरं वाटतं. डॉक्टरांना सांगितलं तर गोळी देतात."

हे सगळं खरं होतं. मी डॉक्टरांना विचारून, वाचून, सगळं माहीत करून घेतलं होतं आणि माझ्याकडं ते कुणाला सांगायला जागाच नव्हती. माझी बोटं इतकी पळायली होती की आतून एक उत्तर ऐकू येईपर्यंत माझं दुसरं तयार असायचं. आम्ही दोघी लई दिवसांनी बोलायलो होतो. मधे एक भिंत आणि ती बाई.

मग आतून खाट वाजली. मला वाटलं झोपली.

"बाई, ती जगंल का?"

मी "हो" टाइप केलं. पुसलं. "डॉक्टर प्रयत्न करत आहेत" टाइप केलं. ते पण पुसलं, कारण ते आमच्या घरात सगळेच बोलतात. फोन हातात धरून मी दाराकडं बघत राहिले. आत बांगड्या वाजल्या. ती उत्तराची वाट बघायली होती.

मी टाइप केलं, "माहीत नाही. बऱ्याच जणी जगतात. काही नाही जगत."

बाईनं ते तसंच सांगितलं, गोड आवाजात. आत्यानं ते परत लावलं. परत एकदा.

मग शेवटचा मेसेज आला. तो अजून माझ्या फोनमधे आहे, मी दुसऱ्यांदा ऐकला नाही.

"तिला एक निरोप दे. म्हनावं, घरच्यांपुढं बसून चार घास खात जा. जात नसलं तरी खा. त्यांला बरं वाटतंय."

ह्याला काय उत्तर द्यायचं असतं? मी लिहिलं, "सांगते."

संध्याकाळी लाइट आली. पप्पा ऑफिसातनं आले, आईनं ताटं वाढली. आत्या भिंत धरत धरत बाहेर आली, पप्पांच्या समोर बसली आणि भाकरी दुधात कुस्करून खायला लागली. प्रत्येक घासाला तिचा गळा वर जायचा आणि थांबायचा, मग खाली. पप्पा तिच्याकडं बघत होते. कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा सैल झालेला होता.

ती हात धुवायला उठल्यावर ते मला हळूच म्हणाले, "बघ. तू उगं भांडलीस माझ्यासंगं. न कळालेलंच बरं असतंय."

आत्या मोरीत होती. नळ मोठा सोडला होता तिनं, पण तरी ऐकू येत होतं, ती खाल्लेलं सगळं ओकायली होती. पप्पांनी टीव्हीचा आवाज वाढवला. मी लिंबू कापायला उठले.